आठ चौकटी, एक बैल

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीत सुटली, ब्रश मात्र सुटला नाही. आमच्या सिंदीत तान्हा पोळा मोठा. पोरं चाकांचे लाकडी बैल घेऊन निघतात. सुतार ते घडवायचा, रंगवायचो मी. चाळीस पोळे रंगवले. एकासारखा दुसरा बैल माझ्या हातून गेला नाही. गेला असता तर पोरांनी रस्त्यातच एकमेकांच्या झिंज्या धरल्या असत्या.

सून शाळेत मास्तरीण. मुलांसाठी छोटी कार्टून फिल्म करायचं तिनं मनावर घेतलं होतं. गोष्ट एका लाकडी बैलाची, गर्दीत आपल्या पोरापासून चुकलेल्या.

"मामाजी, आधी स्टोरीबोर्ड लागते," ती म्हणाली. "गोष्ट चौकटी-चौकटीत काढाची. सोमवारी दाखवाची हाय. तुम्ही द्या ना काढून."

"त्यात काय मोठं? आण कागद."

शनिवारी दुपारभर बसलो. आठ चौकटी भरल्या. एका बैलाचं वशिंड मोठं केलं, एकाच्या झुलीवर मोर काढले, एकाची शिंगं म्हणजे नुसत्या तलवारी. सून बघतच राहिली. मला वाटलं, थक्क झाली.

"मामाजी, हे तं आठ बैल झाले."

"मंग? चौकटी आठच हायेत ना?"

"गोष्टीत बैल एकच हाय. पोरं इचारतील, चुकला तो यातला कोनता?"

"पोराईले समजते. तुले दिसत नसन तं चष्मा बदल."

मुलगा दिवाणावरून म्हणाला, "बाबा, तुम्ही तं बैलबाजारच भरवला."

सून हळूच म्हणाली, "राहू द्या मामाजी. मोबाईलवरचा तयार बैल घेते मी."

ते लागलं मला. सिंदीत, माझ्या घरात, बैल मोबाईलवरचा. जेवायला रुसूनच बसलो. भाजीत मीठ कमी होतं, तेही सांगितलं नाही.

हात धुताना एक जुनी गोष्ट आठवली. मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्या बैलाचा रंग उडाला होता. मी हौसेनं नवा चढवला, डोळे मोठे केले, कपाळावर चांद काढला. पोरगं रडायलाच लागलं. "हा नाई. माह्यावाला पाहिजे."

बायको म्हणाली, "कारागिरी गिऱ्हाइकाले दाखवा. त्याचा बैल त्याले द्या."

सगळा रंग खरवडला. आठवून आठवून जुनाच बैल परत काढला. कानाजवळ पहिल्या वेळी चुकून सांडलेला लाल थेंबसुद्धा. मग दर पोळ्याला तोच, तसाच. थेंब विसरलो तर बायको आठवण करून द्यायची. आता ती नाही. चाळीस पोळ्यांत पुन्हा पुन्हा सारखाच काढलेला बैल तेवढाच, आणि तो माळ्यावर पडून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी स्टुलावर चढून तो खाली काढला. धूळ पुसली. वशिंड, कान, शिंगं सुतानं मोजली आणि नव्या कागदावर आठही चौकटींत तोच उतरवला. बैल हरवला तिथंही कानाजवळ थेंब, सापडला तिथंही थेंब. सून चहा घेऊन आली तेव्हा कागद मी तिला दिला नाही, मुलासमोर सरकवला.

"हा कोनाचा?"

त्यानं कागद जवळ ओढला. मग थेंबावर बोट ठेवून म्हणाला, "माह्यावाला."

मी कागद सुनेकडे दिला, चहाचा कप उचलला आणि तिला सांगितलं, कालच्या भाजीत मीठ कमी होतं.