लाल डोळ्यांनी पोरगी बघायला गेलो

बायको गेली. आता माणसं भेटायला येतात आणि ती किती शांत होती, किती सोशिक होती, असं मलाच सांगतात. शांत कुठली! शांत असती तर आमचं लग्नच झालं नसतं.

मुंबईला मी सिनेमाच्या स्टुडिओत लाईटमन होतो. सिनेमातला म्हटल्यावर आमच्या पोलादपूरकडं कोणी पोरगी देत नव्हतं. एकानं कसंबसं बघायला या म्हणून सांगितलं.

तेव्हा आर्क नावाचे मोठे दिवे असायचे. आत कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्या टोकांमध्ये जाळ पेटायचा. कांड्या जळतील तशा पुढं सारायच्या, ते काळ्या काचेतनं बघून. निघायच्या दिवशीच माझ्या दिव्याची काच फुटली. शूटिंग कोण थांबवतो? दिवसभर उघड्या डोळ्यांनी कांड्या सारल्या आणि तसाच एसटीत बसलो. महाडला उतरलो तेव्हा डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालेलं.

पोरीचं घर वरंधच्या वर, डोंगरात. बरोबर माझा चुलता. ओटीवर बसलो, तर माझे डोळे लाल, सुजलेले, पाणी गळतंय. तिच्या बापानं बघितलं आणि पुढ्यात येऊन उभा राहिला.

"तोंड उघड. हां कर."

मी केलं. त्यानं वास घेतला.

"विडीचाच येतो," तो चुलत्याला म्हणाला. "पण मुंबईत बिनवासाची पण मिळत असंल."

"दारू नाय हो. लाईटचं काम हाय त्याचं."

"आमच्यात पण कंदील हाय. कोणाचे डोळे सुजले नाय."

चुलता उठायलाच लागला. तेवढ्यात पोरगी चहा घेऊन आली. बघायला आलेल्यांसमोर पोरीनं मान वर करायची नाय, विचारलं तेवढंच बोलायचं, असा रिवाज. हिनं कपबशी ठेवली, माझं थोबाड नीट बघितलं आणि बापाकडं वळली.

"आबा, सूर्याला गिराण लागलं तवा आय नको नको म्हणत होती, तरी तुमी बघत बसलात. दुसऱ्या दिवशी तुमचे डोळे असेच झालेले. तवा तुमी काय प्यायला होतात?"

आतनं बायका फिसकन हसल्या. चुलत्यानं हसू लपवायला बशी तोंडाला लावली. बापानं वाकून माझे डोळे परत बघितले. मग मला म्हणाला,

"तुझा दिवा सूर्यासारखा हाय काय रे?"

"बघवत नाय."

"मग बघतोस कशाला?"

"कामच ते हाय."

त्यानं पोरीकडं हात केला. "ही अशी हाय. चारचौघांत बापाला बोलते, उद्या तुला बोलंल. मग माझ्या दारात परत आणून घालायची नाय."

"नाय घालणार," मी म्हणालो.

शेवटच्या आजारात तिचे भाऊ न्यायला आले, तेव्हासुद्धा पाठवली नाय.