भज्यांच्या तेलावरची चिखलणी

कढईत भजी नसली तरी मावशी कढईकडे कान लावून बसायच्या. तेल तापत असायचं, आणि मध्येच कुणी काही बोलायला गेलं की त्या हात वर करायच्या. "जरा गप ऱ्हावा. तेल बोलतंय."

या मावशी म्हणजे विंझरला, माझ्या सासुरवाडीच्या शेजारीण. वेल्ह्याच्या रस्त्याला त्यांचं भजी-वड्यांचं छोटं दुकान. मी भोरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. एकदा भजी खाताखाता, थोडं शहाणपण मिरवावं म्हणून मी बोलून गेलो, की वापरलेल्या तेलाचं घरी डिझेल करता येतं. पुढच्या रविवारी मावशींनी काळ्या तेलाचे दोन डबे माझ्या पुढ्यात आणून ठेवले. "जावईबापू, करा डिझेल." सासरे, मेहुणे, सगळी आळी बघत होती. आता माघार कुठली घेता?

त्यांना ते डिझेल चिखलणीसाठी हवं होतं. भात लावण्याआधी खाचरात चिखल करायचा पॉवर टिलर त्यांच्या धाकट्या दिराकडे होता. मावशींचे यजमान गेल्यापासून त्यांच्या खाचराची पाळी दरवर्षी सगळ्यांच्या शेवटी यायची, आणि तोवर खाचरातलं पाणी उतरलेलं असायचं. विचारलं की दीर म्हणायचा, डिझेल संपलंय.

"यंदा डिझेल माझं," मावशींनी जाहीर करून टाकलं.

दीर हसला. "मग पयली पाळी तुमची, वैनी. पर मशीन बंद पडलं, तर परत पाळीचं नाव काढायचं न्हाई."

पहिल्या खेपेला डिझेलऐवजी साबण झाला. मी वहीत बघून कॉस्टिक सोडा आणि मिथेनॉल अगदी तोलून-मापून घातलं होतं, पण तेलात भज्यांचं पाणी राहिलंय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मावशींनी काठीनं तो लगदा ढवळला आणि "जावयाचा साबण" म्हणून आळीतल्या बायकांना बोलावून बोलावून दाखवला. मग मला म्हणाल्या, "तेलात पाणी हाय तवर ते तडतडतंय. पुस्तकात ऐकू येत न्हाई व्हय?"

त्यानंतर तेल त्याच तापवायच्या. तडतड पार थांबली, तेल निवलं, की मला हाक. "मुकं झालं बगा. आणा तुमचं औषद." औषधाचं काम मी चुलीपासून लांब, उघड्यावर, हातमोजे घालून करायचो. त्यात त्यांनी कधी हात घातला नाही.

दुसऱ्या खेपेला मात्र घोळ त्यांनी घातला. डिझेल वर आलं, काकवीसारखा गाळ खाली बसला, तो आम्ही काढून टाकला. उरलेला सोडा जावा म्हणून डिझेल पाण्यानं धुवायचं होतं. मी चहाला घरात गेलो आणि इकडे बाईंनी जुनी रवी काढून ते चक्क घुसळलं! येऊन बघतो तर डबाभर पांढरंफेक ताक.

"लोणी काय येईना की हो," मावशी गंभीरपणे म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

त्यावर उपाय सुचला तोही त्यांनाच. कोमट पाण्यात मीठ विरघळवून त्यात ओतलं आणि डबा झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी खाली, डिझेल वर. नंतरची धुणी त्यांनी झारीनं केली, तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं इतक्या हलक्या हातानं. शेवटी बाटलीतून बघितलं तर पलीकडच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता येत होती.

चिखलणीला सगळी आळी बांधावर जमली. टिलर सुरू झाला, भज्यांचा वास सुटला, लोक हसायला लागले. निम्मं खाचर झालं आणि इंजिन फटफट करत बंद पडलं. दिरानं हाताची घडी घातली. मला तिथून तडक भोर गाठावंसं वाटलं.

मावशी पदर खोचून चिखलात उतरल्या. "फिल्टर खोला."

फिल्टर काळ्या राडीनं गच्च भरला होता. त्यांनी ती राड बोटावर घेतली. "ह्ये माझं न्हवं. माझं तेल पिवळंधमक."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. हे डिझेल टाकीतली वर्षानुवर्षांची घाण सोडवतं आणि ती सगळी फिल्टरमध्ये येऊन बसते. मी हे वाचलं होतं आणि साफ विसरलो होतो.

"भावजी," मावशी शांतपणे म्हणाल्या, "माझ्या तेलानं तुमची टाकी धुवून दिली. मजुरी मागत न्हाई."

आळी खदखदली. फिल्टर साफ करून बसवला आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

मावशींना जाऊन दोन पावसाळे झाले. फार आठवण येते, आणि ती दरवेळी पुढच्या घटकेचीच येते.

दीर टिलर धरायला पुढे झाला, तर मावशींनी त्याला कोपरानं बाजूला केलं आणि स्वतः दांडे धरले. गुडघाभर चिखलात, वाकडीतिकडी का होईना, त्यांनी आपल्या खाचराची चिखलणी पुरी केली. आता थांबतील असं आम्हाला वाटलं. त्यांनी टिलर वळवला आणि बांधाच्या फटीतून थेट दिराच्या खाचरात घातला.

"अवो वैनी, थांबा! त्ये माझं हाय!"

मावशींनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. इंजिनाच्या वर आवाज चढवून म्हणाल्या, "ठावं हाय! दुसरी पाळी तुमची!"