अब्रेहेतचं दुसरं नाव

अब्रेहेत माझ्या खालच्या मजल्यावर राहते. टोरांटोतल्या या इमारतीत आम्ही एरिट्रियाचे लोक इतके आहोत, की दुपारी जिन्यात कॉफी भाजल्याचा वास आला नाही तर मी दार उघडून बघते, कुणाचं काय बिनसलं म्हणून. ती मला अद्दे म्हणते, म्हणजे आई. एका इस्पितळाच्या चादरी धुऊन घड्या करायच्या, हे तिचं काम. परतली की आधी टपालपेटी, मग जेवण.

टपालाची वाट राहवासाठी. ही तिची नऊ वर्षांची मुलगी, अदिस अबाबात मावशीकडे आहे. आईला आश्रय मिळाल्याशिवाय तिला इकडे आणायचा अर्जच करता येत नाही.

आश्रयाच्या अर्जावर सुनावणी असते, आणि अब्रेहेतला धास्ती होती ती दुभाष्याची. लष्करी छावणीत तिच्यावर काय गुदरलं ते तिने चार दुपारी बसून वकीलबाईंना सांगितलं होतं, परगावच्या एका दुभाषीबाईंना फोनवर घेऊन. सुनावणीला दुभाषा नेमतं ते अर्जांचा निर्णय देणारं सरकारी बोर्ड. टोरांटोत आमची भाषा येणारे असे किती? ज्याला नेमतील तो रविवारी आमच्याच चर्चमध्ये भेटणार.

म्हणून वकीलबाईंनी विनंती केली, की सुनावणी न घेता कागदांवरूनच निर्णय द्यावा. कागद चोख असले तर देतात म्हणे. अकरा महिने गेले, उत्तर नाही. मग बाई म्हणाल्या, ओळखीचा आणखी एक पुरावा जोडला तर बरं.

इथे माझी जीभ वळवळली. मी म्हटलं, बाप्तिस्म्याचा दाखला मागव, त्याच्याहून पक्कं काय असतं. तिच्या चुलतभावाने तो गावाहून, चौघांच्या हातून, दोन महिन्यांनी पोचवला. मीच त्याच्या घड्या इस्त्रीने मोडल्या.

आता आमच्यात मुलगी ऐंशी दिवसांची झाली की पाद्री तिला बाप्तिस्म्याचं वेगळं नाव देतो. चर्चमध्ये तेच घेतात, आणि शेवटी मातीत ठेवताना. मधल्या आयुष्यात त्या नावाने कुणी हाक मारत नाही. गावच्या पाद्रीने दाखल्यावर तेवढंच लिहिलं होतं, वेलेतेमारियम. मी पाहिलं, अब्रेहेतने पाहिलं, कुणालाच काही खटकलं नाही. खटकणार कसं? माझंही आहे की असं एक. भाषांतर करणाऱ्यानेही इमानाने तसंच उतरवलं आणि वकीलबाईंच्या मदतनिसाने ते पाठवूनही दिलं.

इतके महिने मुकं असलेलं बोर्ड नऊ दिवसांत बोललं. अर्ज एकीचा, दाखला दुसरीचा. ओळख पटत नाही. सुनावणीला हजर राहा.

अब्रेहेत पत्र घेऊन वर आली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अद्दे, तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मी न विचारता सांगते, हा माझा जुना आजार आहे."

हसली नाही. तीन आठवडे माझ्याकडे कॉफीला आली नाही. इकडे मी आमच्या पाद्रीकडून दोन नावांच्या रीतीचं पत्र घेतलं आणि माझी स्वतःची दोन्ही नावं सांगून शपथपत्रावर सही केली. सहीला मला वेळ लागतो; वकीलबाई घड्याळ बघत होत्या. त्यांनी विनंती पुन्हा धाडली. सुनावणी काही टळली नाही.

सुनावणीला मी बाहेर बाकावर. अब्रेहेत पंचवीस मिनिटांत बाहेर आली.

"नाव विचारलं," ती म्हणाली. "फक्त नाव. बाकी सगळं वाचलंय म्हणाले. तीन आठवडे मी रोज भिंतीला ते सगळं सांगत होते, अद्दे. भिंतीला."

दुभाषा होता तो आमच्या चर्चचाच, दुसऱ्या रांगेतला. त्याने मला मान लववून नमस्कार केला, आणि तिने तोंड फिरवलं.

निर्णय पाच आठवड्यांनी आला. आश्रय मिळाला. त्या संध्याकाळी ती पत्र घेऊन वर आली, आमच्यात कॉफी तीनदा ओततात, ते तिन्ही पेले होईपर्यंत बसली, आणि राहवासाठी अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. त्यालाही वर्ष-दीड वर्ष लागेल म्हणतात. मुलीच्या ओळखीचे पुरावे जोडा, असं त्यात लिहिलंय.

राहवाच्या बाप्तिस्म्याचा दाखला मावशीच्या पेटीत आहे, हे मला ठाऊक आहे. मी पेला तोंडाला लावला आणि तोंड मिटून बसले.