टिप्याचे पंजे आणि माझी चप्पल

घरात कुत्रं असलं, की किस्से त्याच्या केसांसारखे साठतात. कितीही झाडा, कोपऱ्यात एखादा सापडतोच! आमच्या सांगलीच्या घरातले हे सगळे टिप्याच्या पायांचे. मोठा दुष्काळ सरला त्या वर्षी त्याचे चारही पंजे लालबुंद झाले, बोटांच्या बेचक्या सुजल्या. दिवसभर चाटत बसायचा.

हे म्हणाले, "दिवाळीपर्यंत बरा झाला नाही, तर पलूसच्या मळ्यात सोडून येऊ."

टिप्या माझ्या पदराशी वाढलेला! मी अंबाबाईला बोलले, "याचे पाय बरे होईपर्यंत मी चप्पल घालणार नाही."

*

पहिला इलाज घरचा. हळद आणि खोबरेल तेल पंजांना चोपडलं. शेजारच्या ताराकाकू हळदीकुंकवाला आल्या, तर उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पिवळी पावलं! काकूंनी वाकून नमस्कार केला, मग निरखून बघितलं.

"अगं बाई, लक्ष्मी चार पायांनी आली का गं?"

"म्हणजे राहायलाच आली असेल, काकू!"

*

धाकटे दीर मिलिटरीतून सुट्टीवर आलेले. टिप्याने चाटू नये म्हणून मी त्यांचे दोन्ही जोड मोजे त्याला चढवले. सकाळी दीर सासुरवाडीला, उंब्रजला निघाले.

"वैनी, माझं मोजं कुटं हायत?"

तेवढ्यात टिप्या एकेक पाय झटकत समोरून गेला.

"आवं वैनी, ह्यो निघाला ड्युटीवर! मग मी काय पायाला हळद लावून जाऊ व्हय?"

*

शेवटी जनावरांचा दवाखाना गाठला. टिप्या म्हशींच्या रांगेत. तासगावकडचे एक शेतकरी सोबत्याला म्हणाले, "लय लाड हायत गड्या! कुत्र्याला डाक्टर, आन बाईला चप्पल न्हाई!"

सगळे हसले. डॉक्टरांनी मात्र माझ्या पायांकडे बघितलं. तेही लाल, खाजवून खाजवून सुजलेले.

"हे कधीपासून?"

"नवस बोलल्यापासून. रोज याला कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटमधून फिरवून आणते."

"तिथं पांढऱ्या फुलांचं गाजरगवत आहे?"

"गुडघाभर!"

डॉक्टर हसायलाच लागले. "कुत्रं कशातून फिरतं, हे मी सगळ्यांना विचारतो. कुणाला सांगता येत नाही. स्वतःचे पाय पुरावा म्हणून आणणाऱ्या तुम्हीच पहिल्या! त्या गवताची अ‍ॅलर्जी आहे, दोघांनाही."

मलम दिलं. वाट बदला म्हणाले, आणि घरी आल्यावर पंजे धुऊन कोरडे करा.

*

दिवाळीच्या आत टिप्या अंगणात उड्या मारू लागला. मी नवी चप्पल घालून देवीला जाऊन आले, दारात काढली, आत दिवा लावला. बाहेर येते तो उजवी चप्पल टिप्याच्या तोंडात, निम्मी उरलेली!

हे दारातच उभे. म्हणाले, "पलूसचं राहू दे आता. देवीने नवस फेडून घेतला, टिप्याने अजून सोडलेला दिसत नाही!"

तुमच्याही कुत्र्याचे पाय लाल झाले, तर देवीला हाक माराच. पण एकदा त्याच्या वाटेने अनवाणी चालून बघा. आणि चप्पल तेवढी उंचावर ठेवा!