कलम नऊ

कशेळीच्या गोदामात बारा वर्षं नेटवर्क सांभाळणाऱ्या हरेशला त्या दिवशी सकाळपासून पोटशूळ उठला होता. कारण एकच, दीपेश. सख्ख्या मावशीचा पोरगा, ह्यानेच हाताला धरून कामाला लावलेला. स्कॅनरने सर्व्हरशी कसं बोलायचं त्याचा प्रोटोकॉल त्या पोराने लिहिला, आठ महिने ह्याच गोदामात चालवून बघितला, आणि आज साहेब तो अकराही गोदामांना कायमचा नियम म्हणून लावणार होते. वर नाव दीपेशचं. मावशी तर पेढे घेऊन गावभर फिरत होती!

बरं, प्रोटोकॉल धड असता तर गोष्ट वेगळी. लाइट जाऊन जनरेटर लागला की सगळे स्कॅनर एकदम कालवा करायचे आणि सर्व्हर गप्प व्हायचा. हरेश लगेच शिडी चढायचा, राउटरचं बटण दाबायचा, दहा मोजायचा, परत दाबायचा. खाली येऊन रजिस्टरमध्ये लिहायचा, 'सर्व ठीक'. का? तर म्हणे आपल्या ड्युटीत काही बंद पडलं असं कुणी म्हणू नये. घ्या!

मीटिंगमध्ये साहेबांनी तेच रजिस्टर उघडलं. "एकही बिघाड नाही. पास करू या?"

हरेश उभा राहिला. "साहेब, बंद पडतं हे. लाइट गेली की दर वेळी पडतं."

"मग हे अक्षर कुणाचं?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, "भावावर जळतोय." जळत होताच तो, पार कोळसा झाला होता! पण खोटं बोलत नव्हता. बारा वर्षांची अब्रू त्याने स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवली. "माझंच हाय. शिडी चढून बटण दाबतो मी. शरमेनं लिवलं न्हाय."

दीपेशचा चेहरा उतरला. "दादा, मला तरी सांगायचं! साहेब, थांबू या. मी दुरुस्त करतो."

"थांबायला वेळ कुणाला आहे? हरेश, बटण दाबलं की चालतं ना?"

"चालतं, पण..."

"मग झालं तर! दीपेश, कलम नऊ लिही. लाइट गेल्यावर एका माणसाने शिडी चढून बटण दाबावं, दहा मोजावे, परत दाबावं."

दुपारी नियम छापून भिंतीवर लागला. हरेशने वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. नाव एकच होतं, दीपेशचं. तेवढ्यात लाइट गेली. सगळ्यांनी हरेशकडे बघितलं.

त्याने शिडी ओढली आणि दीपेशच्या नियमाप्रमाणे वर चढला.