दर ऐतवारचा राक्षस

विसरवाडीच्या दवाखान्यातले कंपाउंडर लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या कार्टूनांबद्दल अशा ऐटीत बोलतात, जणू ती त्यांनीच काढली होती. "दर ऐतवारले तोच राक्षस, तोच मार," ते सांगतात, "तरी टीव्हीपुढून कोनी उठे नही!"

माझ्या मुलीला कुत्रं चावलं. पहिल्या इंजेक्शनच्या वेळी ती किंचाळत बाकाखाली शिरली. कंपाउंडर तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि सांगू लागले. राक्षस येतो, खदाखदा हसतो, गावातली एक मुलगी त्याला आपटते, मग तो ओरडत पळतो. राक्षस ओरडला तोवर सुई टोचून झाली होती.

पुढच्या खेपांनाही शब्द न बदलता तीच गोष्ट. मी म्हणालो, "एखादी नवी सांगा की."

"नवी नको, भाऊ. पुढे काय व्हई ते तिले ठाऊक शे, म्हनीसन ती भीत नही."

शेवटच्या दिवशी फार गर्दी होती. त्यांनी घाईत सुई उचलली. मुलीने दंड पुढे केला आणि ती म्हणाली, "थांबा, आधी हसा."

भरल्या दवाखान्यात ते खदाखदा हसले. रांगेतली माणसं दचकून बघू लागली. मी रांगेकडे वळलो आणि मोठ्याने सांगितलं, "आम्हना कंपाउंडर शे!"