फोडणीच्या पळीतलं बिस्मथ

कॉलेजातला बिस्मथच्या खनिजाचा एकुलता एक तुकडा मी मुलुंडच्या घरी आईच्या फोडणीच्या पळीत वितळवला. सरांनी तो तरुणपणी खाणीतून स्वतः आणला होता आणि अभ्यासासाठी मला एका दिवसापुरता दिला होता. हा धातू गॅसवर वितळतो, हे बहिणीला दाखवायची मला भारी खुमखुमी. ग्रॅनाइटच्या भेगांतलं कढत पाणी निवताना आधी काय साचलं आणि मागून काय, हे त्या तुकड्यातल्या थरांवरून कळायचं. पळीत उरला चकाकता गोळा आणि गारगोटीचा चुरा. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांनी ते तळहातावर घेऊन बोटाने चाळवून पाहिलं. “सर, वजन तेवढंच आहे,” मी म्हणालो. आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. “उद्यापासून तू रस्त्यावरची खडी तपास,” सर म्हणाले. “तिचं तरी तुझ्या हातून काही बिघडणार नाही.”